जुन्या स्टेशन वॅगनच्या डिकीवर झाकण: आधी फर्मा, मग प्लाय

अण्णांची इंडिगो मरीना माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डिकीवर झाकण नव्हतं. स्टेशन वॅगनची डिकी म्हणजे सीटमागची एक छोटी खोलीच, आणि तिला तिन्ही बाजूंनी काचा. आत काय ठेवलंय ते रस्त्यावरच्या कुणालाही दिसतं. मी इचलकरंजीहून कापडाचे तागे आणते. एका एप्रिलमध्ये नमुन्याचे चार तागे पंधरा दिवस गाडीतच राहिले आणि काचेकडची कड फिकी पडली. ते कापड नंतर पूर्ण भावात गेलं नाही.

मग मी टेपनं मापं घेतली आणि एका दुकानातून रेक्झिनचं झाकण शिवून आणलं. उजवीकडं ते चांगलं बसलं, डावीकडं अंगठा जाईल एवढी फट राहिली, आणि मागचं दार लावलं की मधोमध फुगायचं. अण्णांनी ते एकदाच बघितलं. त्यांचा सगळा जन्म कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्या पॅटर्न शॉपमध्ये गेला. म्हणाले, "टेपवर काय बसवतीस? फर्मा काढ की आधी." फर्मा म्हणजे जो भाग कापायचा, त्याच्या आकाराचा आधी काढलेला नमुना.

त्यांच्या हाताखाली मी दोन झाकणं बनवली, एक माझ्या गाडीचं आणि एक शेजारच्या गल्लीतल्या टाटा इस्टेटचं. टाटाची १९९२ ची इस्टेट, बलेनो अल्टुरा, सिएना वीकएंड, ऑक्टाव्हिया कॉम्बी, २००४ मध्ये आलेली मरीना, अशा वॅगन आपल्याकडं फार खपल्या नाहीत. त्यामुळं त्यांच्या डिकीचे मूळ भाग मिळणं अवघड असतं आणि मिळाले तरी बहुधा हूक तुटलेले असतात. पण पद्धत कुठल्याही गाडीला चालते, कारण ती गाडीचं मॉडेल विचारत नाही. समोर जी गाडी उभी आहे, तिचाच आकार उचलते.

टेप का फसते, ते आधी समजून घ्या. डिकीची बाजूची भिंत वरून खाली, पुढून मागे आणि आत-बाहेर अशी तिन्ही दिशांनी वळलेली असते. टेप दोन बिंदूंमधलं अंतर सांगते, दोन बिंदूंच्या मध्ये भिंत कुठं पोट काढते ते सांगत नाही. त्यात गाडी जुनी असेल तर प्लॅस्टिकचं ट्रिम, म्हणजे आतलं अस्तर, उन्हानं थोडं वाकलेलं असतं, कधी क्लिप तुटून एक बाजू सुटलेली असते, कधी मागून ठोकर लागून डेंटिंग झालेलं असतं. माझ्या मरीनात डाव्या आणि उजव्या बाजूत तब्बल ७ मिलिमीटरचा फरक निघाला. म्हणून एका बाजूचा फर्मा काढून तोच उलटा करून दुसरीकडं लावायचा मोह टाळा. दोन्ही बाजू स्वतंत्र मापाव्यात.

काय बनवायचं ते आधी ठरवा

अख्ख्या डिकीच्या आकाराची एकच फळी बनवली तर ती आत घालतानाच अडकते, कारण दाराचं तोंड आतल्या जागेपेक्षा अरुंद असतं. म्हणून तीन भाग करा. डाव्या-उजव्या भिंतींना लागून दोन अरुंद पट्ट्या, साधारण सहा ते आठ इंच रुंदीच्या, कायमच्या बसवलेल्या. त्यांच्यावर टेकणारी मधली फळी, सरळ कडांची, हातानं उचलता येणारी. सगळी वाकडी-तिकडी वळणं त्या दोन पट्ट्यांत जातात आणि मधला भाग सोपा होतो. मोठं सामान न्यायचं असेल तर मधली फळी काढून घरी ठेवायची.

मधल्या फळीचेही आडवे दोन तुकडे करून पियानो बिजागरीनं (कडेभर जाणाऱ्या लांब बिजागरीनं) जोडले तर मागचा भाग दुमडून हात आत घालता येतो. हे मी दुसऱ्या झाकणात केलं आणि मग पहिल्यातही करून घेतलं.

साहित्यात प्लाय घ्या, आणि आयएस ७१० या मानकाचा, पाण्यात टिकणारा मरीन ग्रेड घ्या. आयएस ३०३ चा साधा एमआर प्लाय स्वस्त पडतो, पण कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात ओल्या छत्र्या, ओले रेनकोट डिकीत पडतात आणि त्याच्या कडा फुगतात. एमडीएफ तर पहिल्याच पावसाळ्यात गेला असं समजा. सनबोर्ड हलका म्हणून लोक सुचवतात. तो पीव्हीसीचा असतो, काचेखालच्या उन्हात मऊ पडतो आणि मधोमध झोल धरतो. बाजूच्या पट्ट्यांना ९ मिमी, मधल्या फळीला ६ मिमी प्लाय आणि खालून दोन आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पुरतात. एक चौरस मीटर ९ मिमी प्लायचं वजन साधारण साडेपाच किलो भरतं, ६ मिमीचं पावणेचारच्या आसपास. रोज उचलायच्या फळीत हा फरक हाताला कळतो. पूर्ण शीट आठ फूट बाय चार फुटांची असते, तुम्हाला अर्धी पुरेल.

डिकी रिकामी करून नीट बघा

स्टेपनी, जॅक, चटई, सगळं बाहेर काढा. मग टॉर्च घेऊन बघा: मागच्या सीटचे बेल्ट कुठून वर येतात, दाराचे गॅस शॉक उघडताना-मिटताना कुठून फिरतात, डिकीचा दिवा कुठं आहे, मागच्या वायपरची मोटर दाराच्या आतून किती पुढं आलेली आहे. बेल्टच्या वाटेत झाकण आलं तर झाकण कापायचं, बेल्ट वळवायचा नाही.

एक गोष्ट इथंच ठासून सांगते. ज्या बाजूला इंधन भरायचं झाकण आहे, त्या बाजूच्या ट्रिममागून टाकीचा पाइप खाली जातो. दोन्ही बाजूंनी मागच्या दिव्यांच्या वायरी जातात. ट्रिम न काढता, मागं काय आहे ते न बघता तिथं ड्रिल लावू नका. शक्य तिथं ट्रिमचे मूळ स्क्रू आहेत त्याच भोकांचा उपयोग करा, फक्त स्क्रू थोडे लांब घ्या.

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मधली फळी एका हातानं, अवजाराशिवाय निघालीच पाहिजे, म्हणजे टाकीचा व्हॉल्व्ह केव्हाही बंद करता येतो. टाकीच्या व्हॉल्व्हची हवा बाहेर नेणारी नळी कुठं चेपली जात नाही ना, तेही बघा.

उंची आणि मधली रेघ

झाकणाची पातळी बाजूच्या काचेच्या खालच्या कडेपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा. आरशातून मागचं दिसणं झाकणापेक्षा महत्त्वाचं. पाणपातळी इथं उपयोगाची नाही, कारण गाडी स्वतःच सपाट उभी नसते. आमच्या गल्लीत तर मुळीच नाही. काचेच्या कडेपासून खाली सारखं अंतर मोजून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवा आणि टेपच्या वरच्या कडेला पातळी माना.

मधली रेघ काढताना दाराच्या कुलपाचा हूक मध्यभागी आहे असं गृहीत धरू नका, डेंटिंग झालेल्या गाडीत तो सरकलेला असू शकतो. सीटच्या पाठीमागं दोन्ही बाजूंच्या बेल्टच्या बोल्टमधलं अंतर मोजून त्याचा मध्य काढा. मागं दाराच्या चौकटीच्या दोन कोपऱ्यांतला मध्य काढा. दोन्हींच्या मध्ये सुतळी ताणून बांधा. पुढचं सगळं माप या सुतळीपासून.

दार मिटल्यावर आतून किती पुढं येतं, हे बघायला अण्णांनी घरातली कणीक मागितली. घट्ट मळलेल्या कणकेचे पाच गोळे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून डिकीच्या मागच्या कडेवर झाकणाच्या उंचीला ठेवले, दार हळू लावलं, पुन्हा उघडलं. गोळे जिथं दाबले गेले तिथली जाडी म्हणजे तुमच्याकडं उरलेली जागा. मधोमध वायपरच्या मोटरपाशी फक्त १४ मिमी उरले होते. टेपनं हे माप कधीच मिळालं नसतं, कारण दार मिटल्यावर टेप आत नेताच येत नाही.

पुठ्ठ्याचा फर्मा

कोल्हापुरी चप्पल करणारा कारागीर चामडं कापण्याआधी पुठ्ठ्याचा फर्मा ठेवतो, आणि बिडाच्या ओतकामाआधी लाकडी पॅटर्न होतो. वाळूत पॅटर्नचा जसा ठसा, तसाच ओतीव भाग. म्हणून अण्णा म्हणायचे, फर्म्यात राहिलेली चूक पुढं कुठंही सुधारत नाही. हा एवढा भाग सावकाश करा. मी पूर्ण रविवार दिला.

फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. त्याच्या दोन इंची पट्ट्या कापा, आतल्या नळ्या लांबीच्या दिशेनं येतील अशा, नाहीतर पट्टी वाकते. पावसाळ्यात हे काम करू नका, पुठ्ठा ओल धरून मऊ पडतो आणि आकार बदलतो. उन्हातही गाडीत फर्मा ठेवून जाऊ नका.

आता एका बाजूच्या पट्टीपुरता विचार करा. सुतळीला समांतर एक लांब पट्टी मास्किंग टेपच्या पातळीवर तात्पुरती टेकवा, खाली खोकी रचून. ही सरळ पट्टी म्हणजे पाया. तिच्यापासून भिंतीकडं दर दोन इंचांवर छोट्या पट्ट्या काढा. प्रत्येक पट्टीचं टोक भिंतीला नुसतं टेकेल, दाबलं जाणार नाही, असं बघा आणि ग्लू गननं पायाला चिकटवा. खोल वळणापाशी अंतर एक इंचावर आणा. सगळ्या चिकटवून झाल्या की त्यांच्यावरून अजून एक लांब पट्टी लावून जाळी घट्ट करा. हातात मासळीच्या काट्यासारखा सांगाडा येतो, आणि त्याची सगळी टोकं मिळून भिंतीचा खरा आकार.

ग्लू गनचा डिंक फक्त फर्म्यापुरता. उन्हात तो सुटतो, त्यामुळं झाकणाच्या कुठल्याही भागात वापरू नका.

सांगाडा उचलून पूर्ण पुठ्ठ्यावर ठेवा, टोकांचे ठिपके काढा, ठिपके जोडून कापा, पण तीन-चार मिमी आत कापा. हा कापलेला पुठ्ठा परत गाडीत ठेवा. आता भिंतीला लागून फट दिसेल, कुठं कमी कुठं जास्त. सर्वात मोठी फट शोधा आणि कंपास तेवढा उघडा. कंपासचं टोक भिंतीला लावून, पेन्सिल पुठ्ठ्यावर ठेवून पूर्ण लांबी ओढा. यात एकच नियम, आणि तो चुकला की सगळं चुकतं: कंपास सुरुवातीला ज्या दिशेनं धरला त्याच दिशेनं शेवटपर्यंत धरायचा, मधल्या सुतळीशी काटकोनात. भिंत वळली म्हणून कंपास वळवायचा नाही. आता ही रेघ कंपास जेवढा उघडला तेवढीच, त्याच दिशेनं भिंतीकडं सरकवून नव्या पुठ्ठ्यावर उतरवा.

सीटच्या मागं, खांबाच्या बुडाशी, बेल्टची खाच येते तिथं कंपास पोहोचत नाही. तिथं खाचांची पट्टी कामी येते. एक फूटभर लाकडी पट्टी टोकदार करा, तिच्या एका कडेला असमान अंतरावर चार-पाच खाचा पाडून त्यांना आकडे द्या. जवळ एक पुठ्ठा पक्का चिकटवा, हलता कामा नये. पट्टीचं टोक खाचेच्या कोपऱ्यात टेकवून पट्टी पुठ्ठ्यावर आडवी ठेवा, तिची कड खाचांसकट पेन्सिलनं काढा, कोणत्या आकड्याची खाच तेही लिहा. टोक अर्धा इंच पुढं न्या, पुन्हा काढा. असे पंधरा-वीस ठिकाणी करा. मग पुठ्ठा बाहेर काढून प्लायच्या तुकड्यावर ठेवा, पट्टी एकेक जुन्या आकृतीवर तंतोतंत बसवा आणि टोकाशी ठिपका द्या. ठिपके जोडले की कोपरा जसाच्या तसा. एकाच बाजूला खाचा का, तर पट्टी उलटी ठेवली गेली तर लगेच कळतं.

फर्म्यावर लगेच लिहा: डावी किंवा उजवी, वरची बाजू कोणती, सीट कुठल्या दिशेला, मधली सुतळी कुठं. हे नंतर आठवत नाही.

एक सूत

बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्नवाल्यांकडं वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत लांब. अण्णांची ती पट्टी अजून घरात आहे. आपल्या कामात उलटं करायचं: प्लायवर कापड चढलं की फळी वाढते, म्हणून आधी कमी करायची.

जाड कार्पेट लावणार असाल तर ज्या कडा भिंतीला किंवा शेजारच्या फळीला लागतात, त्या प्रत्येक कडेला एक सूत, म्हणजे ३ मिमी, आत घ्या. पातळ रेक्झिनला २ मिमी पुरे. सीटकडच्या कडेला मात्र १० मिमी सोडा आणि तिथं रेक्झिनची झालर लावा. सीटचा फोम माणूस बसला की मागं सरकतो, आणि झाकण सीटला बांधलं तर सीट पाडता येत नाही.

हे सगळं धरून आधी ४ मिमीच्या स्वस्त प्लायवर फर्मा उतरवा आणि तो गाडीत लावून बघा. कापडाचा एक तुकडा कडेला घडी घालून धरा, म्हणजे खरी फट दिसते. मग मागच्या सीटवर कुणाला तरी टॉर्च देऊन बसवा, सीटमागून झाकणाखाली प्रकाश टाकायला सांगा आणि बाहेरून दार हळू लावा. मागचं बाजूचं दार उघडं असू द्या, बऱ्याच गाड्यांत डिकीचं दार आतून उघडत नाही. जिथं घासतं तिथं खडू लावून पुन्हा लावलं की नेमकी जागा कळते. कानशीनं घासून, पुन्हा लावून, समाधान झालं की तोच लाकडी फर्मा मुख्य. माझा तिसऱ्यांदा बसला.

कापणी, कापड, आधार

जिगसॉनं रेघेच्या बाहेरून कापा आणि शेवटचा मिलिमीटर कानस व पॉलिश पेपरनं काढा. मधल्या फळीचे चारही कोपरे गुण्या लावून तपासा. सगळ्या कापलेल्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या, प्लाय पाणी पितो तो कडेनं.

फोमला लावतात तो पिवळा रबराचा डिंक प्लायला आणि कापडाला, दोन्हींकडं पातळ पसरून लावा. बोटाला चिकटेनासा झाला की मगच कापड टेकवा. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून मधून सुरू करून कडेकडं हात फिरवत जा. वास उग्र असतो, दारं-खिडक्या उघडून काम करा आणि जवळ शेगडी नको. बाहेर आलेल्या वळणावर कापडाच्या मागच्या घडीत व्ही आकाराचे काप द्या, नाहीतर चुण्या जमतात. आत गेलेल्या वळणावर सरळ काप पुरतात, तिथं कापड ताणलं जातं.

बाजूच्या पट्ट्यांखाली २५ मिमीचा ॲल्युमिनियम अँगल ट्रिमच्या मूळ स्क्रूंवर धरा. नवं भोक पाडावंच लागलं तर ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली ठरवा, आणि पत्र्याच्या भोकाला झिंक प्रायमर लावल्याशिवाय स्क्रू घालू नका. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) वापरा, साधे नट हादऱ्यानं सैल होतात. मधली फळी नुसती टेकवून ठेवू नका. खालून दोन्ही बाजूंना छोटे टॉवर बोल्ट (सरकत्या कड्या) लावा, ते अँगलच्या भोकात सरकतील असे.

याचं कारण हिशेबात आहे. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी धडकेत अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असं धरलं, तर आतल्या सैल वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण २० पट जोर येतो. झाकणावर ठेवलेला पाच किलोचा गुळाचा रवा तेव्हा शंभर किलोच्या जोरानं मागच्या सीटवरच्या माणसाच्या मानेकडं जातो. म्हणून झाकणावर काहीही ठेवायचं नाही. जोतिबाहून येताना नारळाची पिशवीसुद्धा खाली, डिकीच्या तळाला.

आवाज

नवं झाकण पहिल्या दिवशी वाजतंच. आम्ही पन्हाळ्याला जाऊन आलो, जायला वीसेक किलोमीटर आणि वर घाट, मी गाडी चालवली आणि अण्णा मागं हात ठेवून बसले. खडखड प्लायची नव्हती, टॉवर बोल्टची होती. बोल्टला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, अँगलवर नमद्याची (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाची) पट्टी चिकटवली आणि भिंतीच्या बाजूनं पातळ रबर बीडिंग दिलं. कर्र असा आवाज आला तर तो घासण्याचा असतो, तिथं नमदा. टक टक असा आला तर काहीतरी सैल आहे, तिथं नट.

पहिल्या पावसाळ्यानंतर सगळे स्क्रू एकदा आवळा आणि बाजूच्या पट्ट्यांखाली हात घालून ओल तपासा. माझ्याकडं डावीकडं ओल सापडली, ती दिव्याच्या रबरातून येत होती, झाकणाचा दोष नव्हता. रबर बदललं.

दोन्ही गाड्यांच्या लाकडी फर्म्यांना भोक पाडून मी ते माळ्यावर खिळ्याला टांगलेत, त्यांच्यावर डावी, उजवी, गाडीचं नाव आणि "कार्पेटसाठी ३ मिमी कमी केलेले" असं अण्णांच्या अक्षरात लिहिलंय. इस्टेटवाले परवा नवीन कापड चढवायला आले, तेव्हा त्यांचे फर्मे पाच मिनिटांत मिळाले.